दाताची टोपी आणि आतले लुकण

घरात फरशी बसवून झाली की जुना जाणता गवंडी करणीच्या दांड्याने एकेका फरशीवर ठोकून पाहतो. एखादी पोकळ वाजली, तर ती उचलून तिच्याखाली पुन्हा चुना भरतो. वास्तविक त्या फरशीत दोष काहीच नसतो. शेजारच्या फरशीबरोबर ती एकाच खाणीतून निघालेली असते, तिला चीरही नसते. पण तिच्या पोटाखाली रिकामी जागा राहिली, तर एखादे दिवशी हातातून वरवंटा निसटतो आणि ती तडकते. भरीव बसलेली शेजारीण मात्र जशीच्या तशी राहते. गवंड्याला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दंतवैद्यकाला ती नीट कळावयास सुमारे दोनशे वर्षे जावी लागली. त्या दोनशे वर्षांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

किडलेला किंवा मोडलेला दात तासून त्यावर जे कवच बसवितात त्याला इंग्रजी पुस्तके ‘क्राउन’ म्हणजे मुकुट म्हणतात. आपल्याकडे लोक त्याला कॅप किंवा टोपी म्हणतात. मुकुट शोभेसाठी असतो आणि टोपी डोके राखण्यासाठी; तेव्हा आमच्या मते लोकांनी केलेले नामकरणच अधिक बरोबर आहे. ही टोपी दातावर ज्याने चिकटते ते सिमेंट. त्याला मराठीत ‘लुकण’ हा जुना आणि नेमका शब्द असताना आम्ही तोच वापरू. टोपी चिनी मातीची असेल, तर ती टिकते कशाने, मातीने की लुकणाने, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो; पण त्याच्या उत्तरावर जिवंत दात किती कापावयाचा हे ठरत असते, आणि कापलेला दात परत उगवत नाही.

चिनी मातीचे दात प्रथम झाले ते फ्रान्समध्ये. पॅरिसजवळ सँ-जेर्मँ-आँ-ले या गावी दुशातो नावाचा एक औषधविक्या होता. त्याची कवळी पाणघोड्याच्या दातातून कोरलेली होती. हस्तिदंत काय किंवा पाणघोड्याचा दात काय, ही द्रव्ये लाळेने डागाळतात आणि वास धरतात. औषधांच्या दुकानात दिवस काढणाऱ्या या माणसाच्या कवळीला साऱ्या दुकानाचा दर्प येऊ लागला. चिनी मातीला कसलाच वास लागत नाही. तेव्हा 1774 च्या सुमारास त्याने चिनी मातीची कवळी घडवून घेण्याचा उद्योग आरंभिला. अडचण अशी की भट्टीत भाजताना ही माती पुष्कळच आक्रसते. कच्ची असताना हिरडीवर बसणारी वस्तू भाजून आली की बसत नाही. निकोला दुब्वा द शेमाँ या पॅरिसच्या दंतवैद्याने ही अडचण बरीचशी सोडविली आणि 1789 मध्ये सोळाव्या लुईकडून तिचा एकाधिकारही मिळविला. दुशातोने तक्रार केली, परंतु तिचा उपयोग झाला नाही. पुढे राज्यक्रांतीचा वणवा भडकला तेव्हा दुब्वा लंडनला निसटला आणि तेथे वेजवुडच्या कारखान्यातील माती घेऊन दात करू लागला. 1811 मध्ये रोलंडसन या व्यंगचित्रकाराने आपले पांढरेशुभ्र दात दाखविणारी एक लठ्ठ बाई आणि तिच्याकडे बोट करणारा फ्रेंच दंतवैद्य असे चित्र काढले. दरम्यान 1808 मध्ये फोन्झी या इटालियन गृहस्थाने पॅरिसमध्ये प्लॅटिनमची आकडी असलेले सुटे दात केले होते.

हे सारे हिरडीवर बसणारे दात. जिवंत दाताच्या खुंटावर चिनी मातीचे पातळ कवच चढविण्याचे श्रेय अमेरिकेतील डेट्रॉइटच्या चार्ल्स हेन्री लँड या दंतवैद्याकडे जाते. त्याची युक्ती 1880 नंतरच्या दशकातली आहे आणि ती इतकी सोपी आहे की आपल्या सोनारालाही ती सुचली असती असे आम्हांस वाटते. प्लॅटिनमचा पातळ वर्ख घ्यावयाचा, तो खुंटाच्या आकारावर घासून घासून बसवावयाचा, काढून त्यावर चिनी मातीचा लगदा चढवावयाचा आणि वर्खासकट भट्टीत घालावयाचा. प्लॅटिनम वितळावयास 1,768 अंश सेल्सियस उष्णता लागते, त्यामुळे माती भाजून निघते आणि वर्ख तसाच राहतो. शेवटी तो सोलून काढला की आत वर्खाच्या जाडीएवढी मोकळी जागा उरते. ती जागा लुकणाची. (अटलांटिक महासागर 1927 साली एकट्याने विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा या लँडच्या मुलीचा मुलगा. लहानपणी आजोबांच्या प्रयोगशाळेत तो रमत असे.)

त्या मोकळ्या जागेत घालावयाचे लुकणही एकोणिसाव्या शतकातच तयार झाले होते. 1855 मध्ये सोरेल या फ्रेंच रसायनज्ञाने जस्ताच्या संयुगाचे एक सिमेंट काढले. 1870 नंतरच्या दशकात त्याच्या जागी झिंक फॉस्फेट आले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या दंतवैद्यांचे पान त्यावाचून हलत नव्हते. त्याची कृती अशी : आपले वैद्य ज्याला यशदभस्म म्हणतात ती जस्ताची पांढरी भुकटी, आणि पाणी घातलेले फॉस्फरिक आम्ल. काचेच्या गार, जाड तुकड्यावर ही दोन्ही थोडी थोडी मिसळावयाची. घाई केली तर मिश्रण तापते आणि दातावर नेण्यापूर्वीच घट्ट होते. हे लुकण कठीण होते, स्वस्त होते, ओलसरपणाही थोडाफार सोसत होते. मात्र ते खऱ्या अर्थाने चिकटत नव्हते, ना दाताला ना टोपीला. दगडी भिंतीच्या सांध्यांतला चुना जसा दोन्हीकडच्या खडबडीत अंगात शिरून दगड अडवून धरतो, तसे ते टोपी अडवून धरीत होते. त्यामुळे टोपी निसटू नये म्हणून खुंट उंच आणि भिंती उभ्या लागत. चिनी माती तर पातळ चालत नसे, म्हणून खुंटाला चहूबाजूंनी मिलिमीटरभर किंवा अधिक कापून पायरी करावी लागे. दात असा दोन्ही कारणांनी झिजे.

इतके करूनही टोप्या फुटत. पुढच्या दातांवर बऱ्या टिकत, दाढेवर बसविण्याचे धाडस फारसे कोणी करीत नसे. फुटली की कधी मातीला, कधी भट्टीला, तर कधी सुपारी फोडणाऱ्या रोग्याला दोष दिला जाई. दोष कोठे आहे हे कळावयास दंतवैद्यकाच्या बाहेर जावे लागते. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानविषयक सरकारी संशोधनशाळेत ए. ए. ग्रिफिथ हा तरुण अभियंता काच का फुटते याचा विचार करीत होता. काचेच्या अणूंतील ओढ पाहिली तर ती प्रत्यक्षात आढळते त्याच्या कितीतरी पट बळकट असावयास हवी. मग हे बळ जाते कोठे? 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचे उत्तर असे की, काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, ताण पडला की तो सारा चिरेच्या टोकाशी एकवटतो, आणि तेथून काच उलते. दाबले तर चीर मिटते, ताणले तर उघडते. म्हणून काच आणि चिनी माती दाबाला बळकट आणि ताणाला दुबळी.

आता टोपी पाहा. आपण म्हणू, दाढेखाली खडा आला. खडा टोपीला वरून दाबतो, आणि दाबाला ती समर्थ आहे. पण टोपीच्या खाली काय आहे? खुंट आहे डेंटिनचा, आणि डेंटिन चिनी मातीच्या मानाने सुमारे चौपट लवचीक. बसावयाच्या फळीखाली गादी ठेवावी तसा हा प्रकार. टोपी किंचित वाकते. वरचे अंग दाबले जाते आणि आतले अंग ताणले जाते. म्हणजे ताण पडतो तो नेमका आतल्या बाजूला, लुकणाला लागून असलेल्या पृष्ठभागावर. आणि हाच पृष्ठभाग सर्वांत ओबडधोबड. बाहेरून टोपीला काचेची झिलई दिलेली, आतून मात्र बारीक छिद्रे आणि ओरखडे. त्यात दाताकडून झिरपणारा ओलावा. ताणाखाली असलेल्या काचेतील चीर ओलाव्याने हळूहळू वाढत जाते. त्यामुळे सात वर्षे बिनतक्रार चाललेली टोपी एखादे दिवशी मऊ भात खाताना फुटते, आणि रोगी म्हणतो, मी तर काहीच कठीण खाल्ले नव्हते. तो खरेच बोलत असतो.

यावर विसाव्या शतकात दोन मार्ग निघाले. पहिला धातूचा. 1962 मध्ये वाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एकाधिकार घेतला तो सोन्याच्या मिश्रधातूवर चिनी माती भाजून चिकटविण्याचा. मातीत ल्यूसाइट नावाच्या स्फटिकांचे प्रमाण राखून तिचे उष्णतेने होणारे प्रसरण त्यांनी धातूशी जुळविले. या टोप्या दाढेवरही टिकल्या. यातील मर्म पाहण्यासारखे आहे : वरची माती काही फार बळकट झाली नव्हती. तिचे आतले अंग ताठ धातूला जखडले गेले, वाकावयाचे थांबले, एवढेच. आपल्याकडे लाखेवर घडविलेल्या दागिन्यात सोन्याचा पत्रा कागदासारखा असतो, पण आत लाख गच्च भरलेली असल्यामुळे तो चेपत नाही, तोच न्याय. परंतु त्या काळी याचा अर्थ ‘धातू बळकट म्हणून टोपी बळकट’ एवढाच घेतला गेला. धातू आला आणि दाताचा जिवंतपणा गेला. खऱ्या दातात प्रकाश शिरतो. या टोपीत तो धातूवर आपटून परत येतो, आणि हिरडी सरकली की कडेला करडी रेघ दिसू लागते.

दुसरा मार्ग माती सुधारण्याचा. लंडनचे जॉन मॅक्लीन यांनी ह्यूज यांच्याबरोबर 1965 मध्ये मातीत अॅल्युमिनाचे स्फटिक घालून आतला गाभा करण्याची रीत प्रसिद्ध केली. माणिक आणि नील ही रत्ने ज्या द्रव्याची होतात तेच हे अॅल्युमिना. चिरेला वाटेत हे कठीण दाणे आडवे येतात. गाभ्याचे बळ साध्या मातीच्या सुमारे दुप्पट झाले. मॅक्लीन एवढ्यावर थांबले नाहीत, आणि आमच्या मते त्यांची खरी थोरवी पुढच्याच कामात आहे. 1976 मध्ये त्यांनी स्केड यांच्याबरोबर लँडचा तो जुना प्लॅटिनमचा वर्ख पुन्हा हाती घेतला. मात्र या वेळी तो सोलून काढला नाही. त्यावर कथिलाचा अत्यंत पातळ थर देऊन माती त्याला कायमची चिकटविली. वर्ख अवघा मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. एवढ्याशा वर्खाने टोपीला बळ कसे येणार? तर तो आतल्या अंगावरच्या चिरा झाकतो आणि जखडतो म्हणून. नव्वद वर्षे दंतवैद्य जो वर्ख सोलून फेकून देत होते, त्याच्या जागीच सारी गोम होती.

आता लुकणाकडे वळू. मायकेल बुनोकोर हे अमेरिकेत रॉचेस्टर येथील ईस्टमन दंतचिकित्सालयात संशोधक होते. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूचे पत्रे फॉस्फरिक आम्लाने धुतात हे त्यांना ठाऊक होते. 1955 मध्ये त्यांनी दाताच्या वरच्या आवरणावर, इनॅमलवर, 85 टक्के फॉस्फरिक आम्ल 30 सेकंद लावले. इनॅमल कोरले जाऊन त्यात असंख्य सूक्ष्म खळगे पडले आणि त्यांत शिरलेली राळ म्हणजे रेझिन घट्ट धरून राहिली. गंमत अशी की हेच आम्ल झिंक फॉस्फेटच्या निमित्ताने दंतवैद्याच्या कपाटात पाऊणशे वर्षे उभे होते. 1962 मध्ये राफेल बोवेन यांनी या कामाला योग्य अशी टिकाऊ राळ सिद्ध केली. पुढे लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी काच व आम्ल यांच्या संयोगातून ग्लास आयोनोमर हे दाताला स्वतःहून चिकटणारे लुकण काढले; 1972 पासून ते दंतवैद्यांस परिचित झाले.

दाताची बाजू चिकटली, टोपीची राहिली होती. 1930 नंतरच्या दशकात हॉलीवुडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ पापुद्रे कवळीच्या चिकट भुकटीने चिकटवीत असत. चित्रीकरण संपले की ते काढून ठेवावयाचे. त्यांना कायमचे बसविणारे काहीच नव्हते. ते 1983 मध्ये आले. सायमनसन, कलामिया आणि हॉर्न यांनी चिनी मातीची आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने कोरण्याची रीत पुढे आणली. काचेवर नक्षी कोरणारे हे आम्ल शेले यांनी 1771 मध्येच तयार केले होते. कोरलेल्या मातीवर सिलेन नावाचे द्रव्य लावावयाचे. त्याचे एक टोक काचेला धरते आणि दुसरे राळेला. आता दात, लुकण आणि टोपी एकजीव झाली. फरशी भरीव बसली.

एकजीव झाल्याने टोपी खरोखर टिकते का, याचा पुरावा दोन बाजूंनी आला. रॉबर्ट केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या तोंडात फुटलेल्या काचमय टोप्यांचे तुकडे गोळा केले. फुटलेल्या काचेच्या अंगावर लाटांसारख्या खुणा उमटतात. माग काढणारा पावलांवरून चोराचे घर गाठतो तसे त्या खुणांवरून चीर कोठे सुरू झाली ते सापडते. 1990 मध्ये त्यांनी सांगितले की बहुतेक चिरा आतल्या, लुकणाकडच्या पृष्ठभागावरून निघालेल्या आहेत. दुसरा पुरावा बॉस्टनच्या केनेथ मॅलमेंट यांचा. त्यांनी एकाच काचमय द्रव्याच्या 1,400 हून अधिक टोप्या आणि भरणे बसवून त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. काहींची आतली बाजू आम्लाने कोरून राळेने चिकटविली होती, काही न कोरता बसविल्या होत्या. 1999 ते 2001 या काळात त्यांनी प्रसिद्ध केलेला हिशेब स्पष्ट होता : द्रव्य तेच, दंतवैद्य तोच, पण कोरून चिकटविलेल्या टोप्या निश्चितपणे अधिक टिकल्या.

येथे एक शंका कोणीही घेईल. राळ ही चिनी मातीच्या मानाने मऊ. मऊ वस्तूने कठीण वस्तू बळकट कशी व्हावी? संशोधकांत यावर पुष्कळ खल झाला आहे. राळ चिरांत शिरून त्यांची तोंडे धरते, घट्ट होताना आकसून त्यांना किंचित दाबते, टोपीवरचा भार खुंटाकडे सलगपणे पोहोचविते आणि ओलाव्याची वाट अडविते; यांपैकी कशाचा वाटा किती याविषयी मते भिन्न असली, तरी परिणामाबद्दल वाद नाही. उलट बाजूचा दाखलाही आहे. 1990 नंतरच्या दशकात निघालेली काही मिश्र लुकणे पाणी शोषून फुगत. धातूच्या टोपीचे त्याने काही बिघडत नसे. पूर्ण चिनी मातीच्या टोप्या मात्र त्यांवर दात न चावताच तडकल्याचे 1998 मध्ये प्रयोगात दिसून आले. लुकण टोपीला तारते तसे मारतेही.

याच सुमारास माती मात्र फार पुढे गेली होती. 1998 पासून लिथियम डायसिलिकेटच्या स्फटिकांची काच आली. तिच्या आजच्या रूपाचे बळ सुमारे 400 मेगापास्कल भरते. जुन्या मातीचे 60 ते 100 असे. त्यानंतर झिर्कोनिया आले. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखविले होते की चिरेचे टोक जवळ आले की झिर्कोनियाचे स्फटिक रूप पालटून फुगतात आणि चीर दाबून बंद करतात. त्याचे बळ 1,000 मेगापास्कलच्या आसपास. अशा टोपीला फुटण्यापासून वाचविण्यासाठी लुकणाची फारशी गरज उरली नाही. पण हायड्रोफ्लुओरिक आम्लाने झिर्कोनिया नेहमीच्या रीतीने कोरले जात नाही, कारण त्यात काच नाही. खुंट आखूड असला की टोपी फुटत नाही, सबंधच्या सबंध निघून हातात येते. मग जपानमध्ये 1980 नंतर पुढे आलेले, फॉस्फेटचा अंश असलेले रेणू कामी आले. ते धातूच्या ऑक्साइडला रासायनिक रीतीने धरतात. फॉस्फरिक आम्लाचे घराणे या इतिहासाची पाठ सोडीत नाही ते असे.

आज आपल्या शहरांत झिर्कोनियाच्या टोपीबरोबर काही वर्षांच्या हमीचे कार्ड मिळते. रोगी ते जपून ठेवतो, दाताची छटा जुळली की नाही हे आरशात तीनदा पाहतो, आणि बळकट माती मिळाली म्हणून समाधान पावतो. आमचे म्हणणे त्या मातीविरुद्ध नाही. पण एडेलहॉफ आणि सोरेन्सेन यांनी 2002 मध्ये कापलेल्या दातांची वजने करून जो हिशेब मांडला तो येथे सांगितला पाहिजे. पुढच्या दातावर पूर्ण टोपी बसवावयाची तर हिरडीबाहेरच्या दाताचा 63 ते 72 टक्के भाग कापला जातो. तेथेच पातळ पापुद्रा चिकटविला तर 3 ते 30 टक्के. हा पापुद्रा इतका पातळ असतो की हातात धरून वाकविला तर तत्क्षणी मोडेल. दातावर तो वर्षानुवर्षे टिकतो तो केवळ लुकणामुळे. दाढेच्या बाबतीतही तसेच : चहूबाजूंची भिंत न पाडता, नुसता चावण्याचा भाग झाकणारे दीड-दोन मिलिमीटरचे झाकण आज चिकटविता येते. बळकट टोपी दात राखते, पण आधी तो खाऊन मग राखते. चांगले लुकण त्याला खाऊ देत नाही.

त्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. झिंक फॉस्फेट घाईगर्दीचे पुष्कळ सोसून घेत असे. राळेला लाळेचा एक थेंब, हिरडीच्या रक्ताचा एक ठिपका खपत नाही. टोपी तोंडात बसवून पाहिली की तिच्या कोरलेल्या आतल्या अंगाला लाळ लागते. ती पुन्हा स्वच्छ करून, वाळवून, सिलेन लावूनच लुकण भरावे लागते. दाताभोवती रबराचा पडदा ताणून दात कोरडा ठेवावा लागतो, आणि तोंड उघडे ठेवून बसलेल्या रोग्याला ती वीस मिनिटे फार लांब वाटतात. किडीने इनॅमल संपून कड हिरडीखाली गेली असेल, तर तेथे कोरडेपणा साधत नाही. मग पूर्ण टोपी आणि जुने लुकण हाच शहाणपणाचा मार्ग असतो. कोणता दात कोणत्या बाजूला पडतो हे दंतवैद्याने तोंडात पाहूनच ठरवावयाचे. टोपीचा रंग निवडण्याआधी, दात किती कापणार आणि टोपी कशाने चिकटविणार, एवढे दोन प्रश्न रोग्याने विचारले तर कोणताही चांगला दंतवैद्य हातातले यंत्र बाजूला ठेवून त्यांची उत्तरे देईल.